सोसायटीच्या ग्रुपवर कामाचे बोलणे आणि आपुलकी एकत्र टिकत नाहीत, तेव्हा काय तपासावे

लक्षणे

पुढीलपैकी दोन लक्षणे एकाच महिन्यात दिसली, तर सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बिघडला आहे असे मी धरून चालतो.

पाणी बंद राहणार असल्याची सूचना आदल्या रात्री टाकलेली असते, तरी सकाळी साडेसहाला चार घरांतून “पाणी का नाही?” असा प्रश्न येतो. कोणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी येते आणि दोन मिनिटांत तिच्याखाली सवयीने सुप्रभातचे गुलाबाचे फूल येऊन पडते. “काही सभासदांना नियम लागू नाहीत असे दिसते” अशा धाटणीची वाक्ये येऊ लागतात. त्यांत नाव नसते, पण ते कोणाबद्दल आहे हे सर्वांना ठाऊक असते. पूर्वी मोकळेपणाने लिहिणारी माणसे गप्प होतात आणि तेच पाचसहा जण रोज लिहीत राहतात. शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर: एखादे भांडण विकोपाला जाते, कमिटी ग्रुप फक्त ॲडमिनपुरता बंद करते आणि महिन्याभरात कमिटीला वगळून दुसरा ग्रुप निघतो.

मी पुण्यात आमच्या सोसायटीचा सात वर्षे सेक्रेटरी होतो. त्यानंतर आसपासच्या सोसायट्यांनी आणि एका शाळेच्या पालकांनीही आपले बिघडलेले ग्रुप दाखवायला मला बोलावले. प्रत्येक ठिकाणी तक्रार दोनपैकी एका शब्दांत सांगितली जाते: “कोणी गंभीरपणे घेत नाही”, नाहीतर “फार रुक्ष झाले आहे”. ऐकणाऱ्याला हे दोन वेगळे आजार वाटतात आणि एकावर औषध म्हणून दुसरा वाढवला जातो. माझ्या अनुभवात हा एकच बिघाड आहे. कामाची गोष्ट, घरोब्याची गोष्ट आणि वादाची गोष्ट या तिन्ही एकाच ओघात, एकाच आवाजात सोडल्या जातात. पहिल्या दोन ग्रुपला पेलतात, थोडी व्यवस्था लावली की शेजारी शेजारी नांदतातही; तिसरी मात्र ग्रुपला पेलत नाही. पुढच्या तपासण्या हे डोक्यात ठेवून, फुकट आणि सोप्या कामापासून अवघड कामाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नये, कारण बहुतेक ग्रुप पहिल्या तीनचार पायऱ्यांतच ताळ्यावर येतात.

मागचे सात दिवस वाचून काढणे

याला अर्धा तास आणि एक कागद लागतो. मागच्या सात दिवसांतले संदेश वर सरकवत वाचावेत आणि तीनच गोष्टी टिपाव्यात: किती प्रश्न विचारले गेले, त्यांतल्या कितींना उत्तर मिळाले आणि उत्तर देणारा कोण होता. फॉरवर्ड मोजण्यात वेळ घालवू नये. ते सर्वांना दिसतातच. न दिसणारी गोष्ट म्हणजे अनुत्तरित प्रश्न. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने “लिफ्ट कधी सुरू होईल?” असे तीनदा विचारलेले असते आणि तिन्ही वेळा त्याच्यावरून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा लोंढा वाहून गेलेला असतो. असा माणूस चौथ्यांदा विचारतो तेव्हा चिडूनच विचारतो, आणि मग कमिटी म्हणते की हा मुळातच भांडखोर आहे. ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण एवढेच, की ती केल्यावाचून प्रत्येक जण आपल्याला खटकलेल्या माणसालाच बिघाड समजतो.

सूचनेचे पहिले वाक्य

यालाही पैसा लागत नाही, आणि सर्वांत जास्त गुण येथेच येतो, म्हणून यावर मी जरा थांबतो. एका सोसायटीने मला दाखवलेली सूचना अशी होती:

“सर्व सभासदांना कळविण्यात येते की, टाकी साफसफाईच्या कामास्तव उद्या पाणीपुरवठा खंडित राहील. तरी याची सर्वांनी नोंद घ्यावी. पाण्याचा अपव्यय करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.”

ती आम्ही बसून पुन्हा लिहिली:

“उद्या बुधवारी सकाळी १० ते दुपारी ३ पाणी बंद. दोन्ही विंगच्या टाक्या धुवायच्या आहेत. आज रात्रीच पाणी भरून ठेवा. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा तान्हे बाळ आहे, त्यांनी वॉचमनला सांगावे. दोन बादल्या वर पोहोचवल्या जातील. काही अडचण असेल तर मला फोन करा. सेक्रेटरी, बी विंग.”

पहिल्या सूचनेत वेळ नाही, बोलणारा कोण ते नाही, आणि ज्यांनी काही केलेले नाही अशा सर्वांना धमकी मात्र आहे. “कळविण्यात येते” या रचनेत कळवणारा माणूसच नाहीसा होतो, त्यामुळे वाचणाऱ्याला उलट कोणाला विचारावे ते समजत नाही आणि तो ग्रुपवर सर्वांनाच विचारतो. दुसऱ्या सूचनेत गांभीर्य पहिल्या शब्दापासून आहे, कारण दिवस आणि वेळ तेथेच आहेत. फोन न उघडता वरच्या पट्टीवर जेवढे दिसते तेवढ्यातच काम भागते. आणि आपुलकी दोन बादल्यांच्या वाक्यात आहे. तिच्यासाठी हात जोडलेली चित्रे लावावी लागली नाहीत. मला जे सांगायचे आहे ते हेच आहे: ग्रुपवरची आपुलकी ही कामाच्या शेवटी लावायची सजावट नाही, ती कामाच्या आखणीत दिसली पाहिजे, म्हणजे मग कामाचा कडकपणा कोणाला टोचत नाही.

सूचना पाठवल्यावर ती वर पिन करून ठेवावी. व्हॉट्सॲपवर ती चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस वर राहते. पाण्याच्या सूचनेला चोवीस तास पुरतात. शिळी सूचना वर राहिली की लोक वर पाहणेच सोडून देतात.

सुखदुःखाच्या बातम्या

निधनाची बातमी आणि सुप्रभातचे फूल यांची टक्कर कोणाच्या निर्दयपणामुळे होत नाही. फूल पाठवणारे आजोबा पहाटे उठून पंधरा ग्रुपवर एकाच झटक्यात ते पाठवतात आणि आधीचा संदेश त्यांनी वाचलेलाच नसतो. त्यांना ग्रुपवर खडसावणे हा दुसरा अपघात ठरतो. आम्ही दोन साधे संकेत ठरवले. निधनाची बातमी घरच्यांच्या संमतीने एकाच व्यक्तीने टाकावी आणि तिच्यातच अंत्ययात्रेची वेळ, घरच्यांना भेटायला कधी जावे आणि कोणाला फोन करू नये हे लिहावे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपवर दुसरे काही येऊ नये, हा दुसरा संकेत. शंभर वेळा “भावपूर्ण श्रद्धांजली” लिहिण्याऐवजी मूळ संदेशालाच हात जोडल्याची खूण द्यावी. संदेशाला अशी खूण देण्याची सोय २०२२ च्या मे महिन्यापासून आहे. मात्र उंचावलेला अंगठा निधनाच्या बातमीला देऊ नये, हे ज्येष्ठांना शेजारी बसून दाखवून द्यावे लागते. त्यांना अंगठ्याचा अर्थ “वाचले” असा वाटतो आणि दुःखातल्या माणसाला तो “छान” असा दिसतो.

वाढदिवसांना याच धर्तीवर एक संदेश आणि त्यावर खुणा एवढे पुरते.

फॉरवर्ड

यावर बहुतेक कमिट्या विनोदी चित्रफितींपासून सुरुवात करतात. विनोदाने ग्रुप फार बिघडत नाही. मला काळजी वाटते ती काळजीच्या सुरात आलेल्या फॉरवर्डची: “आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे, कृपया सर्वांना कळवा.” पाठवणारी व्यक्ती प्रेमाने पाठवते, म्हणून तिला अडवणे माणुसकीला सोडून वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षेकरी भटक्या समाजातले निरपराध लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाणांची खूण असते. आमचा नियम एका ओळीचा आहे: दोन बाणांची खूण असलेली धोक्याची सूचना ग्रुपवर टाकायची नाही, ती आधी ॲडमिनला एकट्याला पाठवायची आणि त्याने पोलीस चौकीला विचारायचे. नियमाचे कारण सांगताना मी राईनपाड्याचे नाव घेतो. त्यानंतर या नियमावर कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही.

संबोधन कुठे बदलते ते पाहणे

येथून पुढच्या तपासण्यांना वेळ आणि मन दोन्ही लागतात. वाद पेटण्याआधी मराठी ग्रुपवर एक खूण हमखास दिसते आणि ती शब्दांत नसून संबोधनात असते. एरवी “काका, गाडी थोडी पुढे घ्याल का?” असे लिहिणारा मुलगा एके दिवशी “आपणास पार्किंगचे नियम माहीत असावेत” असे लिहितो. “काका” गेले, “तुम्ही” गेले आणि त्या जागी हे थंड “आपण” आले, म्हणजे राग पोटात साठला आहे. शिवीपेक्षा हे “आपण” जास्त लागते, कारण ते माणसाला नात्यातून बाहेर काढून नोटिशीच्या पलीकडे उभे करते. दुसरी खूण नाव न घेता मारलेल्या टोमण्याची: “ज्यांना समजायचे त्यांना समजेल.” ज्याला उद्देशून लिहिले आहे तो उत्तर देऊ शकत नाही, दिले तर आरोप पत्करल्यासारखे होते, आणि ज्याचा काही संबंध नाही असे तिघे जण स्वतःवर ओढून घेतात.

या दोनपैकी एक खूण दिसताच ॲडमिनने ग्रुपवर काहीही लिहू नये. “शांत राहा” असेही लिहू नये, कारण त्यातून कोणीतरी अशांत आहे हे जाहीर होते. त्याने फोन उचलावा आणि लिहिणाऱ्याला आधी, लागलेल्याला नंतर फोन करावा. या क्रमाला कारण आहे. रागावलेल्या माणसाचे आधी ऐकून घेतले की तो पुढचा संदेश लिहीत नाही.

गाऱ्हाणे दारात नेणे

एका मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीत कुरडया वाळत घातल्या होत्या आणि वरच्या कुंड्यांचे पाणी त्यांवर पडले. दुपारी एकच्या सुमारास ओल्या, चिखलाचे डाग पडलेल्या कुरडयांचा फोटो ग्रुपवर आला. वरच्या घराच्या क्रमांकावरून तितकेच तिखट उत्तर आले, आणि संध्याकाळपर्यंत विषय कुंड्यांवरून पार्किंगवर, पार्किंगवरून कुत्र्यांवर आणि तेथून मेंटेनन्सच्या थकबाकीवर गेला.

मी आणि चेअरमन संध्याकाळी चौथ्या मजल्यावर गेलो. दार एका आजींनी उघडले. त्या एकट्या राहतात, त्यांच्याकडे साधा फोन आहे आणि त्या ग्रुपवर नव्हत्याच. ग्रुपवर होता तो त्यांचा मुलगा, आखातात नोकरीला असलेला. आईवर सगळी सोसायटी तुटून पडली आहे असे तिकडे बसून त्याला वाटले होते, आणि आजींना मात्र खाली काय झाले याचा पत्ताच नव्हता. आम्ही सांगितल्यावर त्या आत गेल्या, स्टीलच्या जुन्या ताटल्या शोधून आणल्या आणि आमच्यासमोर प्रत्येक कुंडीखाली एकेक सरकवली. मग आमच्याबरोबर जिना उतरून खाली आल्या. वहिनींनी त्यांना आत घेतले, चहा ठेवला. रात्री ग्रुपवर वहिनींनीच लिहिले की विषय मिटला आहे आणि आजी उद्या कुरडयांचा चीक घोटायला येणार आहेत.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. गाऱ्हाण्याचा फोटो आला की तो ज्या घराबद्दल आहे त्या घरात प्रत्यक्ष राहते कोण आणि ग्रुपवर बोलते कोण, हे आधी पाहतो. परदेशी असलेली मुले, घर भाड्याने देऊन दुसरीकडे राहणारे मालक आणि प्रत्यक्ष राहणारे भाडेकरू यांत ही गल्लत नेहमी असते. दुसरे म्हणजे, तंटा मिटल्याचे ज्याने गाऱ्हाणे टाकले त्यानेच लिहावे, कमिटीने लिहू नये. कमिटीने लिहिले तर तो निवाडा होतो. शेजाऱ्याने लिहिले तर तो समेट असतो.

ग्रुप दोन करणे

हे पाचव्या मिनिटाला सुचणारे काम आहे, पण ते इतके मागे ठेवण्याचे कारण मी स्वतःची चूक भोगून शिकलो आहे. मी सेक्रेटरी असताना एका भांडणानंतर आमचा एकमेव ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करून टाकला. आठवडाभर फार बरे वाटले. मग कळले की लोकांनी आपसांत वेगळा ग्रुप काढला होता, त्यात कमिटीतले कोणी नव्हते, आणि तेथे पाण्याच्या टँकरच्या बिलाबद्दल जे बोलले जात होते त्याला उत्तर द्यायला आम्हाला जागाच उरली नव्हती. बोलण्याची जागा बंद केली की बोलणे थांबत नाही, ते फक्त आपल्या कानाआड जाते.

म्हणून दोन ग्रुप एकाच दिवशी करावेत: एक सूचनांचा, जेथे फक्त ॲडमिन लिहितील, आणि एक गप्पांचा, जेथे सर्व लिहितील आणि जेथे कमिटीची माणसे शेजारी म्हणून हजर असतील. नोव्हेंबर २०२२ पासून व्हॉट्सॲपवर “कम्युनिटी” करून तिच्यात सूचनांचा ग्रुप आपोआप मिळतो आणि इतर ग्रुप तिला जोडता येतात. प्रत्येक सूचनेखाली विचारणा कोणाकडे करायची ते लिहावे. गप्पांच्या ग्रुपला नियमांची लांबलचक यादी चिकटवू नये. सूचनांच्या ग्रुपवर “सर्वांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा” असेही येऊ नये, मग ते चेअरमनचे का असेना. एक अपवाद झाला की दिवाळीपर्यंत दोन्ही ग्रुप सारखेच दिसू लागतात.

ॲडमिन कोण आहेत

एकटा ॲडमिन असेल आणि तोच सेक्रेटरी असेल, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात संदेश पुसण्याचे बटण असते. तीन ॲडमिन असावेत, त्यांत एक कमिटीबाहेरचा आणि किमान एक स्त्री असावी. संदेश काढून टाकायचा असेल तर तिघांपैकी दोघांनी होकार द्यावा आणि का काढला हे त्या व्यक्तीला फोनवर सांगावे.

पुष्कळ ॲडमिन कायद्याच्या भीतीने ग्रुप आवळतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेले संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे भीतीपोटी सर्वांची तोंडे बंद करण्याची गरज नाही.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

काही गोष्टी ग्रुपवर कितीही चांगल्या सुरात लिहिल्या तरी सुटणार नाहीत, आणि ॲडमिनने त्या सोडवण्याचा प्रयत्नही करू नये.

खर्च, मेंटेनन्सची वाढ, पुनर्विकास, कोणाला दंड करणे हे विषय सभेचे आहेत. ग्रुपवर घेतलेला कौल हा ठराव नव्हे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि तिची नोटीस आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. तेवढे थांबता येत नसेल तर एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी करून विशेष सभा बोलावून घ्यावी. हिशेब दाखवले जात नाहीत अशी तक्रार असेल तर ती लेखी द्यावी, आणि कमिटीने दाद दिली नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जावे. सभासद आणि संस्था यांच्यातले बरेचसे तंटे महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. त्यासाठी वकील गाठावा. थकबाकीदारांची नावे ग्रुपवर टाकून वसुली होत नाही, उलट त्यातून नवा तंटा उभा राहतो.

एखाद्याच्या संदेशातून जगणे नकोसे झाल्याचा सूर आला, तर तेथे ग्रुपवर धीर देत बसू नये. ताबडतोब त्या घरी जावे, घरच्यांना गाठावे आणि १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर प्रशिक्षित माणसाशी बोलावे. जिवाला धोका दिसत असेल तर ११२ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा.

धमकी, स्त्रियांविषयी अश्लील मजकूर, लहान मुलांचे गैर फोटो, जातीधर्मावरून चिथावणी, यांपैकी काही आले तर ॲडमिनने मध्यस्थी करू नये, ते पोलिसांचे काम आहे. ग्रुपवरून आलेल्या दुव्याने कोणाचे पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करावा. पहिल्या तासांत कळवले तर पुढे गेलेली रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते. धमकीचा किंवा चिथावणीचा संदेश ग्रुपवरून पुसण्याआधी त्याचा, पाठवणाऱ्याच्या क्रमांकाचा आणि वेळेचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. अश्लील मजकूर किंवा लहान मुलांचे फोटो मात्र कोणी साठवू नयेत आणि दाखवण्यासाठीसुद्धा पुढे पाठवू नयेत. तो फोन जसा आहे तसा घेऊन चौकीत जावे.